राखणदाराची पाटी

कोळंबी सोलायला ब्रह्मदेशातून थायलंडच्या कारखान्यात आलेल्या सांदाला थाई मुकादमाने पहिल्याच दिवशी भिंतीवरची पाटी दाखवली होती. "त्यावर जागेच्या राखणदाराचं नाव आहे. रोज हात जोडायचे!" दोन वर्षं ती पाटीला मोगऱ्याची माळ घालत होती आणि कामावरच्या थाई बायका तोंड दाबून हसत होत्या. विहारातल्या वर्गात ती रस्त्यावरच्या थाई पाट्या वाचायला शिकली आणि एकदाची हीही वाचली: "येथे लघवी करू नये." पुढची माळ तिने कारखान्याच्या मालकिणीदेखत घातली. "राखणदार स्वप्नात आला, मालकीणबाई. म्हणाला, तुमचा मुकादम रोज माझ्या अंगावर मुततो." मुकादम तिथेच मोकळा व्हायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जागेच्या राखणदाराला भिणारी मालकीण पांढरीफटक पडली. "माफी माग, मेल्या!" मुकादम माळ घेऊन पाटीपुढे गुडघ्यांवर बसला. सांदा त्याच्या कानाशी वाकली आणि एकेक अक्षर सावकाश वाचू लागली.