काशीची धार

"दार उघड," थेटे साहेब म्हणाले.

"उघडतो साहेब, पण जरा दमानं. आत धार चाललीय." किशोर गोठ्याच्या दाराला पाठ लावून उभा होता.

थेटे महापालिकेचे आरोग्य निरीक्षक. मखमलाबादला रावजींच्या मळ्यात ते तक्रारीवरून आले होते. महिनाभरापासून ही माणसं दार लावून धार काढतात, म्हशीला पान्ह्याचं इंजेक्शन टोचत असणार, असं कुणा शेजाऱ्याने कळवलं होतं. शेजारी असतातच त्यासाठी. पण थेट्यांनाही ते पटलं होतं. दार लावून कोणी देवपूजासुद्धा करत नाही, मग धार कशाला काढेल? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"सुई सापडली तर गोठ्याला सील लागेल. माहितीय ना?"

"म्हैस एकच हाय साहेब. घर तिच्यावरच चालतं." किशोरने नुकते केस फुटलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "सुई नाय टोचत आम्ही. पण काशी लय हट्टी. आईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाय. दुसरं कुणी बसलं का लाथ झाडती, पान्हा चोरती."

"मग दार कशाला लावता?"

"लोकं हसत्यात."

"धार काढण्यात हसण्यासारखं काय आहे?"

किशोर बाजूला सरला.

"रावजी कुठे आहेत, तुझे वडील?" थेट्यांनी विचारलं.

"हायेत की हितंच."

आत अंधुक उजेड होता. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलेलं. बादलीत धार पडत होती. काशीने मान वळवून पदर हुंगला आणि पुन्हा रवंथ करू लागली.

थेट्यांनी कोनाडे पाहिले, गव्हाणीतला चारा उपसला, पेंडीच्या पोत्यात हात घातला. सुई नाही, बाटली नाही. म्हशीच्या मानेवर टोचल्याची एक खूणही नाही. त्यांना मनापासून बरं वाटलं. लहानपणी हरसूलला त्यांच्या घरची गाय बाजारात गेली होती, तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. इथे सील लावावं लागलं असतं तर त्यांनी लावलं असतं, पण घरी जाऊन घास गिळला नसता.

"मावशी, काळजी करू नका," ते म्हणाले. "तक्रार खोटी आहे, तसं मी कळवतो. तुमच्या हाताला गुण आहे हो."

बादलीत धार तशीच पडत राहिली.

"मावशी, ऐकलंत ना?"

"धार चालू असताना बोलायचं नाय साहेब," किशोर हळूच म्हणाला. "ती बिथरल."

थेटे ओशाळले आणि दोन पावलं मागे सरले. बादली फेसाने भरली. लुगडं सावरत आकृती उठली, तिने काशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिघं बाहेर आले. किशोरने दार पुन्हा ओढून घेतलं.

मग रावजींनी डोक्यावरचा पदर मागे सारला, पांढऱ्या मिशांवरचा घाम पुसला आणि दाराआडच्या म्हशीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "ती गेली साहेब, महिना झाला. काशीला आम्ही आजून कळू दिलं नाय."