चहात साखर कमी

"यांचं बोलणं कधीपासून बिघडलंय? नक्की वेळ सांगा, औषध त्यावर ठरतं," डॉक्टर म्हणाले.

हेमांगीच्या कानातल्या मण्याएवढ्या यंत्रानं प्रश्न स्वच्छ करून ऐकवला. लहानपणापासून तिला आवाज नीट ऐकू येत, पण डोक्यात शिरेपर्यंत शब्दांचा लगदा व्हायचा. यंत्र तो निस्तरायचं. एखादा शब्द तुटलाच, तर बोलणाऱ्याच्या सवयीवरून भरूनही काढायचं.

"सात वाजता ठणठणीत होते. मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा आबा मागून म्हणाले, चहात साखर कमी आहे. रोजच म्हणतात. नऊला शेजारच्या काकू आल्या आणि किंचाळल्याच, अगं, हे काय बरळतायत!"

डॉक्टरांनी तिच्या कानाकडे पाहिलं. "सातला तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघितलं होतंत?"

पूर्वी ओठ दिसल्याशिवाय तिला कुणाचं काही कळत नसे. यंत्र आल्यापासून ती पाठ फिरवूनही ऐकू लागली होती. तिला कप आठवला. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेला. आबांनी एक घोटही घेतला नव्हता.

"काळजी करू नकोस, पोरी," खाटेवरून आबांचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

हेमांगीनं यंत्र उपसून काढलं आणि कान त्यांच्या ओठांशी नेला. "आबा, परत बोला ना."

आबा बोलले. मग मागून डॉक्टर काहीतरी बोलले. दोघांच्याही शब्दांचा सारखाच लगदा झाला; तिला काडीचा फरक कळला नाही.