सरपंचबाईंचं इंग्रजी

मल्हाररावांचं भाषण संपायच्या आत भाग्यश्री उठून उभी राहिली.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये चुळबूळ झाली. हायवेवरच्या कंपनीचे साहेब पहिल्यांदाच गावात आले होते. शाल अंगावर आणि नारळ मांडीवर घेऊन ते शांत बसले होते. सरपंच भाग्यश्री असली तरी स्वागत तिचा नवरा करत होता आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. जागा महिलांसाठी राखीव झाली की खुर्ची बाईची आणि जीभ नवऱ्याची, ही वाटणी आमच्याकडे मतदानाआधीच होऊन जाते.

"बस की खाली," मल्हारराव दबक्या आवाजात म्हणाले.

"मला बोलायचंय."

"साहेबांपुढं? कशात बोलणार?"

"विंग्रजीत," ती म्हणाली.

यंदा कंपनी गावासाठी एकच काम करून देणार होती. मल्हाररावांना वेशीवर कमान हवी होती, वर वडिलांचं नाव घातलेली. भाग्यश्रीला शिरूरच्या कॉलेजपर्यंत मुलींसाठी बस हवी होती. कारखान्यांच्या ट्रकांमधून वाट काढत हायवेवर वडापची जीप पकडायला कुणी आपली पोर पाठवत नव्हतं, म्हणून दहावी झाली की गावातल्या मुली घरी बसायच्या आणि वर्षा-दोन वर्षांत बोहल्यावर चढायच्या. तिची अंकिता यंदा दहावीला होती. "बस न्हाई तर पाठवायची कशी? त्यापरीस एखादं बरं स्थळ बघू," असं मल्हाररावांनी पोर नववीत गेली तेव्हाच सांगून टाकलं होतं.

"मी बोलते साहेबांशी," असं ती तेव्हाच म्हणाली होती. त्यावर ते पोट धरून हसले होते. "बोल की. पण कंपनीत समदं विंग्रजीत चालतं. मलाच धाप लागती, तुझं काय?" आणि खरंच, मीटिंगहून परत आले की ते सदऱ्याची वरची गुंडी सोडायचे आणि नांगरट करून आल्यासारखे तांब्याभर पाणी प्यायचे.

भाग्यश्री हट्टाला पेटली. अंकिताचं इंग्रजीचं पुस्तक तिनं स्वयंपाकघरात आणून ठेवलं. सुटे शब्द पाठ व्हायचे. छळायचे ते जुळ्या भावांसारखे एकमेकांत मिसळणारे. बॉरो आणि लेंड तिनं विरजणावर बसवले. शेजारणीकडून आणायचं ते बॉरो, तिला द्यायचं ते लेंड. लूझ म्हणजे हरवणं आणि लूस म्हणजे सैल, हे तिनं साडी नेसता नेसता घोकलं. पण ॲक्सेप्ट आणि एक्सेप्ट काही केल्या वेगळे राहीनात. एक म्हणजे घेणं, दुसरा म्हणजे वगळून. भाकरी थापताना, कांदा खुरपताना, दळणाच्या रांगेत उभं राहून ती पुटपुटायची. सासूबाईंना वाटलं, सुनेनं कुणाचा तरी जप धरलाय.

"त्या दोन शब्दांत जरी घोटाळा झाला ना," मल्हारराव खाटेवरून सांगायचे, "तरी गावाची अब्रू जाईल. त्यापरीस तू सही कर, मी बोलतो." ती सही करायची आणि पुन्हा पुटपुटायला लागायची. गप्प बसून बघितलं होतं तिनं. गप्प बसणाऱ्याची बोरंही विकली जात नाहीत.

आता हॉलमधले सगळे डोळे तिच्यावर होते. मागच्या बाकावर अंकिता ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती. भाग्यश्रीनं तिच्याकडे पाहिलं आणि मग साहेबांकडे.

"सर, आय ॲम द सरपंच," ती म्हणाली. "अवर गर्ल्स स्टॉप आफ्टर टेन्थ. देअर इज नो बस. वुई विल नॉट एक्सेप्ट द गेट."

म्हणता म्हणताच तिला चूक कळली. कडेला बसलेलं कुणीतरी फिसकन हसलं. मल्हाररावांनी कपाळाला हात लावला. तिचे कान तापले, पण पाय हलले नाहीत.

"नॉट ॲक्सेप्ट," तिनं सावकाश दुरुस्त केलं. "वुई विल नॉट ॲक्सेप्ट द गेट. गिव्ह अस द बस."

साहेबांनी नारळ बाजूला ठेवला आणि ते उभे राहिले.

"बसचं नक्की करता येईल, मॅडम," ते म्हणाले. "यंदाचं काम अजून ठरलेलं नाही. पण तुम्ही इंग्रजीचा एवढा त्रास कशाला घेतलात? मी इथल्याच पाबळचा आहे. मल्हाररावांशी आम्ही पहिल्यापासून मराठीतच बोलतो. प्रत्येक वेळी विचारायचो, सरपंच का आल्या नाहीत? तर म्हणायचे, तिला चार माणसांत बोलायची भीती वाटते."

मल्हारराव खिशात मोबाइल शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

भाग्यश्रीच्या छातीत रागाची एक कळ उठली. तव्यावर करपलेल्या भाकऱ्या, पोरीपुढे झालेलं हसं, वर्षभराची घोकंपट्टी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो फार लहान दिसत होता. तिनं पदर खांद्यावर नीट घेतला, पण ती खाली बसली नाही.

"मग साहेब, आता मराठीत ऐका," ती म्हणाली. "बस जूनच्या आत पायजे. आन् हितनं पुढं मीटिंग कवा हाय, ते मला सांगायचं. ह्यांना यायचं आसंल, तर मी आणीन संगं."