हललेला शिक्का

रेल्वेच्या टपाल डब्यात शिक्का बसलेली जुनी पाकिटं मी जमवतो. बहीण फोनवर म्हणते, "दादा, तुला कुणी एक ओळ लिहीत नाही आणि लोकांची पाकिटं कसली जपतोस?" तिच्या तोंडी कोण लागणार?

त्या डब्यात नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं, "धावत्या गाडीत शिक्का हलतो, पसरतो. गाडी थांबली की लख्ख उठतो. आम्हाला आत कोंडून बाहेरून कडी घालायचे. मुक्काम आला की काढायचे."

गेल्या वर्षी रद्दीवाल्याकडे मिळालेल्या पाकिटावर नुसता काळा फराटा होता. पुढे त्यात गोल दिसू लागला. मग अक्षरं सुटी झाली.

बहिणीला सांगितलं.

"चष्मा बदललास का?"

"नाही गं."

"मग चार दिवस माझ्याकडे ये. एकटा राहून डोकं फिरलंय तुझं."

"येईन," म्हटलं. कित्येक वर्षं येईनच म्हणतोय.

आज दुपारी पाकीट पुन्हा काढलं. शिक्का लख्ख होता, रेघ न् रेघ स्वच्छ. भिंग खाली ठेवताना टेबलावरच्या ग्लासाकडे लक्ष गेलं. पाणी अगदी स्थिर होतं. इतकी वर्षं या घरात ते सतत थरथरत होतं, हे मला आत्ता कळलं.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी माझ्या दाराची कडी काढली.

माझ्या दाराला बाहेरून कडी नाही.