दुसरी शिफ्ट

बांगड्या फोडून झाल्या तेव्हा सातला पाच मिनिटं कमी होती. जयवंताने उघडे हात पदराखाली घेतले आणि फोन मागितला.

"वहिनी, आज तरी राहू द्या," शालिकराम म्हणाला. तिचा दीर. भावाला घाटावर पोचवून नुकताच परतला होता, केस अजून ओले होते.

"रोज सातले पोरीचा फोन येते. नाही उचलला तं तिले समजन."

"मंग समजू द्या ना! बापाचं तोंड नाही पाहू देलं तुम्ही तिले."

"दहा दिवसांवर टीव्हीवरच्या गाण्याची फायनल आहे, भाऊजी. जिंकली तं तिचा स्वतःचा अल्बम निघन. आता सांगितलं तं गाणं संपलं. त्यायले चाललं असतं का हे?"

शालिकरामने खांद्यावरच्या पंच्याने केस पुसले. भावाला, विश्वनाथला, चाललं नसतं हे त्यालाही ठाऊक होतं. हिंगण्याच्या कंपनीत शिफ्ट सुटली की विश्वनाथ गेटवर उभा राही आणि बसमध्ये चढणाऱ्या एकेकाच्या फोनवरून मत टाकून घेई. मोटरसायकलच्या मागच्या बाजूला त्याने स्टिकर लावलं होतं, 'आमच्या सोनिकाला मत द्या'. सकाळी ट्रकने उडवलं तेव्हा गाडीचा चुरा झाला. स्टिकर तेवढं शाबूत राहिलं.

फोन वाजला. सोनिका अकरा वर्षांची होती. तीन महिन्यांपासून ती मुंबईत होती, सोबत जयवंताची धाकटी बहीण हर्षा. हर्षाला आणि चॅनलच्या काजलला दुपारीच कळवलं होतं. "काकू, तुम्ही म्हणाल तसं," काजल म्हणाली होती. "तिला आम्ही काही कळू देणार नाही."

"आई, बाबा काय करून राहिले?"

जयवंताने डोळे मिटले. "दुसऱ्या शिफ्टले गेले, बाई."

"आवाज कटून राहिला. परत सांग."

"बाबा दुसऱ्या शिफ्टले गेले. डबा घेऊन."

"डब्यात काय देलं?"

"पाटवड्या." घरात चूल पेटली नव्हती. "तुझा आवाज काहून बसला वं?"

"एसीनं बसला," पलीकडून हर्षाच घाईघाईने म्हणाली.

मग रोज सातला तेच. बाबा काय करून राहिले? परत सांग, आई. जयवंता रोज परत सांगे. शेजारच्या खोलीत विश्वनाथच्या फोटोपुढे दिवा तेवत असे आणि ती इकडे त्याच्या डब्यात कधी वांगी भरी, कधी झुणका. पोरगी एकदाही म्हणाली नाही, बाबाले फोन दे. जयवंता त्यासाठी मनातल्या मनात देवाला हात जोडी.

एकदा फोन ठेवल्यावर तिला महिन्यापूर्वीचं शूटिंग आठवलं. काजल कॅमेरा आणि सोनिकाला घेऊन दोन दिवसांसाठी घरी आली होती. कोपऱ्यातला आजोबांचा बंद हातमाग तिने सगळ्या बाजूंनी टिपला. मग विश्वनाथला म्हणाली, "काका, थोडं रडू आलं तर बघा ना."

"पोरगी टीव्हीवर गाऊन राहिली अन् मी रडू? काय मयत आहे का घरी?" तो खो खो हसला. त्याचं हसू पाहून कॅमेरावालाही हसला.

काजलही हसली. "हसऱ्या घराला मतं पडत नाहीत, काका."

सोनिका शेजारी बसून चिवडा खात होती. मतांमध्ये ती तेव्हा पाचवी होती. काजलने मग जयवंताकडून चार वेळा डोळे पुसून घेतले. दर वेळी म्हणायची, "परत एकदा, काकू."

दहावा झाला. अकराव्या दिवशी सकाळी जयवंता विमानात बसली. शेजारच्या सखूबाईंनी हिरव्या बांगड्या दिल्या होत्या. देताना रडल्या, पण तिच्या हातात भरायला काही तयार झाल्या नाहीत. मुंबईला उतरल्यावर बाथरूमच्या आरशापुढे जयवंताने त्या आपल्याच हाताने भरल्या. मंगळसूत्र घातलं. लाल टिकली लावली. एवढी संध्याकाळ निघाली की पोरीला पोटाशी धरायचं आणि सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

काजलने तिला पहिल्या रांगेत बसवलं. तिच्या कपाळाकडे क्षणभर पाहिलं. मग एक खुर्ची सरकायला सांगितलं. "इथे, काकू. इथे उजेड बरा आहे."

सोनिका गायली. जयवंताने इतकं चांगलं तिला कधी ऐकलं नव्हतं. आता दोनच मुलं उरली होती आणि मतदान अजून अर्धा तास चालणार होतं.

दिवे मालवले. मोठ्या पडद्यावर सोनिका दिसली. खुर्चीत बसलेली, दोन्ही हात काजलच्या हातात. काजल हळू आवाजात काही सांगत होती आणि पोरीचा चेहरा कोसळत होता. खाली विश्वनाथ गेला त्याच दिवसाची तारीख होती. मंगळवार, दुपारी चार.

मग जयवंताला सभागृहभर स्वतःचाच आवाज ऐकू आला. "दुसऱ्या शिफ्टले गेले, बाई."

पडद्यावर सोनिका फोनपुढे बसली होती. फोनशेजारी माईक लावलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाजात मात्र टिपूस नव्हता. "परत सांग, आई."

वांगी. झुणका. एकामागून एक दहा दिवस. शेवटी कानांवर हेडफोन लावून गाणारी सोनिका आणि वर मोठी अक्षरं. सोनिकाचं पहिलं पॉप गाणं, 'दुसरी शिफ्ट'. आज रात्रीपासून सगळीकडे.

दिवे लागले. अख्खं सभागृह उभं राहून रडत होतं. सोनिका पायऱ्या उतरून धावत आली आणि जयवंताच्या गळ्यात पडली. तिचं अंग गदगदत होतं. मग आवाज जाऊ नये म्हणून तिने माईक मुठीत घट्ट दाबला आणि तोंड आईच्या कानाशी नेलं.

"आई, टिकली काढ आता. हळू. कॅमेरा तुझ्यावर आहे."