मनुबाईचा जबाब

१९६४ साली रेवदंड्याच्या मनुबाईने आपल्याच वकिलाविरुद्ध तक्रार केली. उलडे वकील तिच्या मासळी सुकवायच्या जागेसाठी गावच्या पुढाऱ्याशी कोर्टात भांडत होते. तक्रार पुढाऱ्याच्या माणसाने लिहून आणली होती. ‘वकिलाने खोट्या कागदावर माझा अंगठा घेतला,’ असं तक्रारीत होतं. ती खरी ठरली, तर उलड्यांची सनद जाणार होती.

मुंबईला बार कौन्सिलच्या समितीने दोघांना बोलावलं. उलडे मान खाली घालून बसले होते. मनुबाईने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. समोर तीन वयस्कर वकील होते.

“सांगा बाई,” मधले म्हणाले.

“आदी तुमी सांगा. तुमाला हितं कोनी बसवलं? मंत्र्यानं?”

“नाही. वकिलांनी मतं देऊन कौन्सिल निवडलं, कौन्सिलने आम्हाला बसवलं.”

“आमच्या पुढाऱ्यानं सांगितलं, तर काढतील तुमाला?”

“त्यांच्या सांगण्याने कसं काढतील? कोण हे?”

मनुबाईने नाव सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते नाव कोणीच ऐकलेलं नव्हतं.

मनुबाई खुर्चीत जरा सैल बसली.

“मंग लिवून घ्या. वकीलसाहेबानं कायपन खोटं केलं न्हाय. खोटा कागद तुमच्या म्होरं हाय तोच.”

लिहिणाऱ्याचा हात थांबला. उलड्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

“बाई, हे तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?” मधल्या वकिलांनी विचारलं.

“आतापत्तुर ज्यांनी इचारलं, ते सगले त्या पुढाऱ्याचेच व्हते.”