शेळीने खाल्लेली जाळी

सत्काराची शाल अंगावर पडली आणि रघुवीररावांना घाम फुटला. बास्केटबॉल खेळण्यासाठी गिरणीने नोकरीवर घेतलेला पहिला माणूस! ती नोकरी एका शेवटच्या बास्केटवर मिळाली होती, आणि चेंडू तर रिंगच्या बाहेरून गेला होता. रिंगला बांधायची जाळी सकाळीच शेळीने खाल्लेली, त्यामुळे कुणाला कळलंच नाही.

चाळीस वर्षांनी त्यांनी ते शेजारी बसलेल्या मेव्हण्यांच्या कानात सांगून टाकलं. त्या सामन्याचे पंच तेच होते.

"दिसलं होतं, दाजी," मेव्हणे म्हणाले. "पण नोकरीशिवाय आबा तुम्हाला आमची सिंधू देणार नव्हते."

घरी येऊन रघुवीररावांनी शाल बायकोपुढे ठेवली आणि सगळं कबूल केलं. "सिंधू, माझी लायकी नाही."

तिने शांतपणे शालीची घडी घातली.

"तुमचा नेम मला ठाऊक होता. म्हणून तर शेळी सोडली होती."